अडीच फुटांवर

आमच्या साडूंनी आजवर एकाही गोष्टीचं कारण कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी आजवर कारण विचारल्याशिवाय एकही गोष्ट केलेली नाही. दोन सख्ख्या बहिणींच्या वाट्याला इतके उलटे दोन नवरे कसे आले, यावर सासरच्या लग्नकार्यात बायका अजून हसतात. मी नांदेडला मोजणी खात्यात नोकरी करतो. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. त्यामुळे फूट, इंच, गुंठे माझ्या तोंडात असतात आणि टेप खिशात. साडू लातूरला असतात. शिलाई मशीन, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकान दोनदा ओलांडून मी पुढे गेलो होतो. सापडल्यावर घाम पुसत विचारलं, "पाटी का लावत नाही तुम्ही?" ते म्हणाले, "हाय तसं." हे दोन शब्द मी गेली तेवीस वर्षं ऐकतोय. त्या तेवीस वर्षांत मी त्यांच्याशी एकदा फार लाजिरवाणं वागलो, आणि ते एकदाचं नीट लिहून ठेवावं म्हणून हा कागद घेतला आहे.

माणूस दिसायला साधा. उंची पाच फूट चार इंच, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात एक पेचकस आणि मूठभर रबरी वायसर. लातूर–नांदेड बसमध्ये ते खिडकीपाशी बसत नाहीत, कळवून येत नाहीत आणि आल्यावर 'कसं काय' विचारत नाहीत. सरळ मोरीत जाऊन गळका नळ काढतात. फोन करतात तो सकाळी सहाला. "साडूसाहेब, आज टाकी भरून ठेवा." फोन बंद. एकदा असा फोन आला, मी टाकी भरली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या भागाची मोठी पाइपलाइन फुटली. चार दिवस गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात बादल्या घेऊन उभ्या. लातूरला बसून यांना हे कसं कळलं? मी फोन करून विचारलं. "हाय तसं." पण त्याच माणसानं एकदा सांगितलं, "पेरूच्या झाडाखाली चपला काढू नका." त्याला सहा वर्षं झाली. आम्ही काढत नाही. तिन्ही ऋतूंत मी त्या झाडाखालची जागा तपासली आहे, कारण काही सापडलेलं नाही.

आमच्या घराच्या वास्तुशांतीला लोकांनी आम्हाला भिंतीवरची अकरा घड्याळं दिली. साडूंनी दिला चाळीस फूट सुती दोर. पिशवीतून काढून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, तेव्हा माझ्या ऑफिसची माणसं जेवत होती. आमची ही लाजेनं स्वयंपाकघरात निघून गेली. "दाजींना काही कळतं का? भरल्या मांडवात दोर देतात कुणी?" असं ती नंतर आठ दिवस म्हणत होती. आज त्या अकरा घड्याळांपैकी दोन चालू आहेत. दोर मात्र आजवर चौदा वेळा उपयोगी पडला. कपाट गच्चीवर चढवताना, विहिरीत पडलेलं शेजाऱ्यांचं करडू काढताना वगैरे. ही नोंद माझ्याकडे आहे. ती मी साडूंना कधी दाखवली नाही, ही माझीच कंजुषी.

त्यांची काम करायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. मशीन उघडलं की ते डोळे मिटतात. एका लग्नात आचाऱ्याचा मोठा मिक्सर बंद पडला, चटणी अर्धी राहिली. साडू तिथेच गोणपाटावर बसले, मिक्सर मांडीवर घेतला आणि डोळे मिटून बोटं आत घातली. पाच मिनिटं झाली तरी हालचाल नाही. आचारी घाबरून माझ्यापाशी आला. "साहेब, तुमचं पाव्हणं झोपलं जनू." तेवढ्यात मिक्सर सुरू झाला. मी नंतर म्हणालो, "डोळे उघडून लवकर नसतं झालं?" ते म्हणाले, "डोळे मधी मधी येतेत." तेवीस वर्षांत त्यांनी कारणासारखं काही सांगितलं असेल तर हे एकच, आणि ते मी विसरलो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे मी तिच्यावरच आपटलो. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा साडू तरुण होते. त्यानंतर त्यांनी घरातली प्रत्येक टांगलेली वस्तू खाली आणली. देवांच्या तसबिरी कमरेइतक्या उंचीवर, कॅलेंडर गुडघ्याशी, घड्याळ तर स्टुलावर. त्यांच्या घरी वेळ बघायची तर वाकावं लागतं. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात, "नवीन माणूस आलं की म्हणतंय, तुमच्याकडं सगळे बसूनच दर्शन घेतेत का?" कारणही साडूंच्या वतीनं त्याच सांगतात. "पडलं तर पायावर पडावं, डोक्यावर नको." त्यामुळे साडूंनी काही खाली टांगायला सांगितलं, की त्यामागे भूकंप आहे, हे मी गृहीत धरून चालायचो. कारण न सांगणाऱ्या माणसाची कारणं आपणच ठरवून टाकतो.

आमच्या सासूबाई गेली पाच वर्षं आमच्याकडे असतात. हिच्याखेरीज घरात सगळे त्यांना मामी म्हणतात, कारण साडू म्हणतात. साडू हे माझ्या सासऱ्यांचे सख्खे भाचे. चौथीपासून शाळेसाठी ते मामाच्या घरी, कंधारजवळच्या गावी राहिले, मामीच्या हातचं खाऊन वाढले आणि पुढे मामाचीच थोरली मुलगी त्यांनी केली. मामींच्या दोन्ही डोळ्यांचा मधला पडदा गेला आहे. कडेचं थोडं धुरकट दिसतं, समोरचं काही नाही. त्यांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. त्याचा तक्ता मी फ्रिजवर लावला आहे आणि पाच वर्षांत त्यातला एकही चौकोन रिकामा गेलेला नाही. याचा मला अभिमान होता. आंधळ्या माणसाची काळजी घेणं म्हणजे चौकोन भरणं, इतपतच माझी समज होती. मामी घरात फिरतात त्या कमरेत वाकून, डावा हात भिंतीवर सरकवत. त्या हातानं हॉलच्या भिंतीला एक तेलकट पट्टा पडला होता. मी तो मोजला होता. जमिनीपासून अडीच फूट. त्या उंचीपर्यंत ऑइलपेंट मारायचा माझा विचार होता.

तर मागच्या वर्षी मेहुणीबाईंचा हिला फोन आला. "तुझ्या दाजींना काय झालंय बघ. भंगारवाल्याकडून पोरांचे ते जोडायचे ठोकळे आणलेत, प्लास्टिकचे. गोणीभर! सोडा टाकून बादलीत भिजू घातलेत साबुदाण्यासारखे. अंघोळीला जागा न्हाई." पुढच्या फोनला कळलं, ठोकळे गच्चीवर वाळत घातलेत. मग कळलं, दुकान बंद झाल्यावर ते ठोकळे घेऊन बसतात आणि एका फळीवर बसवत राहतात, तेही डोळे मिटून. "येडं लागलं का काय, कुणाला दाखवावं का?" असं मेहुणीबाईंनी विचारलं. मी म्हणालो, "थांबा थोडं, पन्नाशीनंतर कुणाकुणाला असे छंद लागतात." हे मी मोठ्या समजूतदारपणानं म्हणालो होतो.

उन्हाळ्यात एका सकाळी साडू दारात उभे. गोणपाटात गुंडाळलेली चौकोनी फळी दोन्ही हातांत. लातूरपासून मांडीवर घेऊन आले होते. मामी तेव्हा आठ दिवसांसाठी लोह्याला भावाकडे गेल्या होत्या. साडूंनी इकडंतिकडं बघून विचारलं, "मामी न्हाईत?" मी नाही म्हणाल्यावर ते जरा हिरमुसले, पण फळी त्यांनी माझ्या हातात दिली. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद. एकेका कडेला ओळीनं शहाण्णव बटणं. बटणं म्हणजे ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात ते. रंगांचं तर काही विचारूच नये. लालाशेजारी हिरवा, त्याच्यापुढे गुलाबी, मग काळा, मग दोन पिवळे. मी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. चित्र म्हणावं असं काही नव्हतं. काही ठिकाणी ठोकळा एक थर उंच बसला होता, काही पट्टे बिनबटणांचे, गुळगुळीत होते.

साडू म्हणाले, "चौकट तुम्ही करा. तुमचं माप पक्कं असतंय." तेवीस वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. मग त्यांनी तीन गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. "काच लावायची न्हाई. हॉलच्या ह्याच भितीला लावायचं. अडीच फुटावर, त्याच्या वर न्हाई."

"का?" मी विचारलं.

"हाय तसं."

मागच्या बाजूला पेन्सिलीनं बाण काढून 'वर' असं लिहिलं होतं आणि चिकटपट्टीनं एक छोटी पुडी लावली होती. पुडीत सात गुळगुळीत ठोकळे. मी ती काढून टेबलाच्या खणात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली : 'साडू. शिल्लक. ७ नग.' साडू दुपारच्या बसनं परत गेले.

त्या दिवशी मी फळी पूर्ण तपासली. ही माझी खोड आहे. वहीत नोंद केली : 'वजन साडेनऊ किलो. रंगसंगती नाही. १२७ ठिकाणी ठोकळा एक थर उंच. खालच्या बाजूस एक गुळगुळीत पट्टा अपुरा.' एकशे सत्तावीस चुका! बिचाऱ्याची नजर गेली असावी, असं मला वाटलं. हे वाक्य मी आज लिहितो तेव्हा हात थांबतो.

फ्रेम करणाऱ्याच्या दुकानात आणखी शोभा झाली. त्यानं फळी चारही बाजूंनी फिरवून पाहिली. "साब, फोटो किसका है? भगवान का, या घर के बुजुर्ग का?"

"कशाचाच नाही," मी म्हणालो.

"फिर लटकाना कायकू?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मीही हसलो. मी 'आमच्या साडूंनी केलंय' असं म्हणालो नाही. तो म्हणाला, "काच के बगैर धूल खाएगा साब. छे महिने में सतरंजी दिखेगा." मला ते पटलं. साडूंनी काच नको म्हटलं ते वजन वाढेल या भीतीनं, आणि अडीच फुटांवर म्हटलं ते भूकंपाच्या भीतीनं, असा मी हिशोब लावला. भिंत माझी, विटा पक्क्या, स्क्रू आठ मिलिमीटरचे. मी चांगली चार मिलिमीटरची काच लावून घेतली, दोन इंच खोल सागवानी चौकट केली आणि माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, मध्य जमिनीपासून बरोबर चार फूट दहा इंच येईल असं टांगलं. लेव्हल लावून पाहिलं. बुडबुडा अगदी मधोमध. मनात म्हणालो, साडू बघतील तर खूश होतील. आपल्या येडेपणाला साडूसाहेबांनी कसं रूप दिलं!

मामी लोह्याहून आल्या तेव्हा हिनं सांगितलं, "आई, दाजींनी ठोकळ्यांचं काहीतरी करून दिलंय. भिंतीवर लावलंय." मामी त्या बाजूला मान करून उभ्या राहिल्या. "काय हाय त्येच्यात?" "काही नाही गं, रंगीबेरंगी." मामींनी हात वर केला, तो काचेच्या खालच्या कडेपर्यंतच गेला. "गार लागतंय," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत मोरीकडे गेल्या.

पुढे एकदा ऑफिसचे दोघे चहाला आले. त्यातला एक काचेसमोर उभा राहून म्हणाला, "हे काय, कुठल्या गावाचा नकाशा आहे का? गट नंबर दिसत नाहीत." मी म्हणालो, "एका ओळखीच्या माणसानं दिलंय. डोकं जरा लहान मुलासारखं आहे त्यांचं. टाकवत नाही म्हणून लावलं." ते गेले. आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला.

"बापू, वळखीचा म्हंजी कोन हो?"

मी कप उचलायला लागलो.

"न्हाई, मला दिसत न्हाई म्हनून इचारून राहिले. ऐकू येतंय मला चांगलं. साडूला वळखीचा म्हनायची नवी रीत निघाली व्हय नांदेडात?"

कपबश्या घेऊन मी मोरीकडे सटकलो.

आषाढात साडू आले. नेहमीप्रमाणे मोरीकडे गेले नाहीत, हॉलमध्येच थांबले. मामी त्याच भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या आणि चौकट त्यांच्या डोक्याच्या वर, उंच. साडूंनी चौकटीकडे पाहिलं, मग मामींकडे, मग पुन्हा चौकटीकडे. मी शेजारी उभा राहून सगळं सांगत होतो. काच किती जाडीची, चौकट कसली, स्क्रू किती खोल, काचेसकट वजन सोळा किलो, एक सूतभरसुद्धा कलती नाही. साडूंनी पंजा उघडून काचेवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढला. काचेवर पाच बोटं उमटली. आणि मी, हे लिहायला मला फार जड जातंय, खिशातून रुमाल काढून ती बोटं पुसली. त्यांच्या देखत.

"काच लई स्वच्छ हाय," साडू म्हणाले. आणि मग, "माप पक्कं हाय."

मामी म्हणाल्या, "जेवून जा रे. भाकरी टाकायलीच हाय ती."

"गाडी हाय मामी."

गाडी दर तासाला असते. साडू आमच्याकडून न जेवता गेले असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. मी हिला म्हणालो, "बघ, आवडलं त्यांना. एका शब्दानं उंचीबद्दल बोलले नाहीत." ही म्हणाली, "अहो, ते नळ न बघता गेले." तेव्हाही मला कळलं नाही.

त्यानंतर सकाळी सहाचा फोन बंद झाला. एक्क्याऐंशी दिवस. मामी रोज सकाळी विचारायच्या, "आला का गं फोन?" नाही म्हटलं की स्वतःशीच म्हणायच्या, "कामात असंल." मी दोनदा फोन केला, मेहुणीबाईंनी उचलला. "हे दुकानात हायेत. काही न्हाई हो, जरा गप गप असतेत. ते ठोकळेबी फेकून दिले उरलेले." मी विचारलं, "का?" त्या म्हणाल्या, "आता मला सांगतेत व्हय ते?"

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याआधी घरातलं सगळं बाहेर काढून धुतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. पावसाळ्यात काचेला आतून धुरकट वाफ धरली होती, म्हणून मी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले आणि काच धुवायला गच्चीवर नेली. ठोकळ्यांची फळी तेवढी राहिली, ती एका बुटक्या स्टुलावर उभी करून हॉलच्या भिंतीला टेकवली. मी गच्चीवरून काच घेऊन उतरत होतो तेव्हा मामी आपल्या नेहमीच्या वाटेनं, डावा हात भिंतीवर सरकवत, मोरीकडून येत होत्या. हात फळीवर आला आणि मामी थांबल्या.

मला वाटलं, त्या धडपडतील. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी उजवा हातही फळीवर ठेवला. दहाही बोटं चालायला लागली. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"अगं ए, इकडं ये," त्यांनी हिला हाक मारली. "हे काय हाय भितीला?"

"दाजींचे ठोकळे, आई. सांगितलं नव्हतं का तुला?"

"ठोकळे कशाचे? ही टिपक्याची हाय."

मामींनी मधली ओळ धरली आणि उंच बसलेल्या एकेका ठोकळ्यावर बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. तेरा झाले. वरची ओळ धरली, बारा. त्याच्या वर अकरा. "दहा... नऊ... आठ... सात," आणि मामी मोकळ्या हसल्या. "तेरा ते सात! माझी हाय ही. रोज सडा टाकला की दारापुढं हीच काढायचे मी. ह्या बघ, इथून रेघ निघाली, अशी वळली, ह्या टिपक्याला गुंडाळून खाली आली." त्यांचं बोट गुळगुळीत पट्ट्यावरून वाटेत कुठेही न अडखळता चालत होतं.

मी काच हातात घेऊन मनात रांगोळीच्या ठिपक्यांची बेरीज केली. मधले तेरा. वर बारा, अकरा, दहा, नऊ, आठ, सात, खालीही तेवढेच. एकशे सत्तावीस. माझ्या वहीत लिहिलेल्या एकशे सत्तावीस चुका. रंग लागला नव्हता कारण ते रंगासाठी केलंच नव्हतं. काच नको होती कारण काचेतून हात जात नाही. आणि अडीच फूट ही भूकंपाची उंची नव्हती. ती माझ्या हॉलच्या भिंतीवर पाच वर्षं तेलकट पट्ट्यानं लिहिलेली होती. मी ती मोजली होती आणि तिच्यावर रंग मारणार होतो.

मामींचं बोट खालच्या कोपऱ्यात आलं आणि थांबलं. "हा मोकळा हाय," त्या म्हणाल्या. मागंपुढं चाचपलं. "रेघ इथंच सोडली." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "लबाड! शाळंला जायच्या आधी उंबऱ्यात येऊन बसायचा. आईची आठवन यायची त्याला, रडायचा. म्हनून शेवटचा टिपका मी त्येला सोडायचे. तो जोडल्याबिगर भाकर वाढायची न्हाई." त्यांनी मोकळ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. "आता मला सोडलास व्हय रं?"

ही तोंडाला पदर लावून आत गेली. मी टेबलाचा खण उघडला आणि चिठ्ठी फाडून पुडी मामींच्या तळहातावर ओतली. सात नग. शिल्लक म्हणून मी ज्यांची नोंद केली होती, ते सात. मामींनी एकेक चाचपून बसवला. प्रत्येक बसताना टक् असा आवाज व्हायचा आणि मामी म्हणायच्या, "हां." पाचवा हातातून सुटून दिवाणखाली गेला. मी पोटावर झोपून, कोळिष्टकांत हात घालून तो शोधला. गुडघे बोंबलत होते. खरं सांगतो, तिथून लवकर बाहेर यावंसं वाटत नव्हतं. दिवाणखाली तोंड दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फोन केला. साडूंनीच उचलला.

"काच काढली," मी म्हणालो. "खाली लावतो आज. अडीच फुटांवर. मी चुकलो, साडूसाहेब. आणि तुम्हाला ओळखीचा म्हणालो होतो एकदा, लोकांसमोर. तेही चुकलं."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग साडू म्हणाले, "सात बसले का?"

"बसले. मामींनीच बसवले."

'मला आधीच का नाही सांगितलं तुम्ही?' हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कारण विचारलं नाही.

"बरं झालं," साडू म्हणाले. आणि मग घसा खाकरून, "आज टाकी भरून ठेवा."

मी टाकी काठोकाठ भरली. पुढचे आठ दिवस नळाला रोज वेळेवर पाणी आलं.

आता ती फळी हॉलच्या भिंतीवर, मध्य जमिनीपासून अडीच फुटांवर आहे. चौकट तीच, काच नाही. वरच्या दोन भोकांत मी पुट्टी भरली, पण रंग जुळला नाही. ते दोन डाग दिसतात. दिसू देत. कुणी विचारलं तर "आमच्या साडूंनी केलंय" असं मी सांगतो, आणि न विचारता सुद्धा सांगतो. दिवाळीला साडू आले तेव्हा मामींच्या शेजारी जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि दोघांची बोटं त्या रेघांवरून फिरत राहिली. नंतर साडू उठून मोरीत गेले आणि नळ काढला.

फ्रेमवाल्याचं एक म्हणणं खरं ठरलं. धूळ बसते. दर रविवारी ब्रशनं झटकायचं मी ठरवलं होतं, फ्रिजवरच्या तक्त्यात एक रकानाही वाढवला होता. पण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. मामींची बोटं जिथून जातात तिथे धूळ राहत नाही. उरलेल्या ठोकळ्यांवर राहते. त्यामुळे दारात उभं राहून पाहिलं की ते वेडेवाकडे रंग करडे होऊन मागे जातात आणि तेवढ्या रेघा नि ठिपके स्वच्छ उठून दिसतात. तेरा ते सात, स्पष्ट. मला ती रांगोळी दिसायला धुळीची गरज पडली. ब्रश मी कपाटात ठेवून दिला आणि तो रकाना खोडला.

अलीकडे वरच्या सात ठिपक्यांच्या ओळीवर जराशी धूळ दिसते. मामींचा हात आता तिथवर जात नसावा. किती दिवसांपासून, ते मी मोजलेलं नाही.